हेल्मेट उतरल्यावर

11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई ही विजेवर चालणाऱ्या रेसिंग गाड्यांची जागतिक शर्यत झाली. एनटीआर मार्ग, लुंबिनी पार्क, सचिवालय, प्रसाद्स आयमॅक्स हा शहराचा रोजच्या रहदारीचा भाग सिमेंटच्या भिंती आणि जाळ्या लावून बंद केला होता. सुमारे 2.8 किलोमीटरच्या त्या फेरीत अठरा वळणं होती आणि बावीस गाड्या धावत होत्या. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न जिंकला. न्यूझीलंडचा निक कॅसिडी त्याच्या मागे अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतरावर होता. शेवटच्या फेऱ्यांत व्हर्नच्या बॅटरीत कॅसिडीपेक्षा कमी वीज उरली होती, तरी त्यानं त्याला पुढे जाऊ दिलं नाही. वीज कमी असताना पुढे राहायचं म्हणजे कुठे पाय उचलायचा, कुठे मागच्याला जागा दिल्यासारखं करून ती बंद करायची, कुठल्या सरळ रस्त्यावर वीज जाळायची आणि कुठल्या वळणाआधी वाचवायची, याचा हिशोब प्रत्येक फेरीला नव्यानं मांडायचा. बुद्धिबळाच्या अटीतटीच्या शेवटाइतकीच ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पण शर्यत संपल्यावर ड्रायव्हरच्या तोंडासमोर माइक येतो तेव्हा आपल्याला ऐकू येतं ते असं: संघानं कमालीची मेहनत घेतली, गाडी उत्तम होती, प्रेक्षक अप्रतिम होते, आता पुढच्या शर्यतीकडे लक्ष. शहराचं नाव बदललं तर हीच वाक्यं मेक्सिकोत चालतात, बर्लिनमध्येही चालतात. एवढं घडलेलं असताना एवढं कमी सांगितलं का जातं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचं जे उत्तर सहसा दिलं जातं ते मला पटत नाही.

ते उत्तर ड्रायव्हरवर ठपका ठेवतं. ही मुलं सहासात वर्षांची असल्यापासून कार्टिंगमध्ये वाढतात, शाळा अर्धीमुर्धी होते, पुढे कंपन्या त्यांना बोलायचं प्रशिक्षण देतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतंच, असं म्हणतात. पण त्याच माणसाचा दहा मिनिटांपूर्वीचा आवाज आपण संघाच्या रेडिओवर ऐकलेला असतो. तिथे तो नेमकं बोलतो. मागचं डावं चाक घसरतंय, चौथ्या वळणावर धूळ आली आहे, पुढचा ब्रेक लवकर लावतोय, मला आत्ता जाऊ द्या. फॉर्म्युला ईमध्ये तर ड्रायव्हरचं बोलणं हाच शर्यतीचा भाग आहे. शर्यत चालू असताना गाडीतली माहिती संघाच्या पडद्यावर आपोआप येत नाही, म्हणून किती वीज उरली हे ड्रायव्हरलाच तोंडानं कळवावं लागतं आणि प्रतिस्पर्धी ऐकत असतात म्हणून तेही सांकेतिक भाषेत. भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी नेत असताना जो आकडेमोड करून ती इतक्या थोडक्या शब्दांत कळवतो, तो बोलण्यात मठ्ठ असेल हे मानायला मी तयार नाही. रेडिओचे तुकडे प्रक्षेपण करणारे निवडून घेतात, चटकदार तेवढेच आपल्यापर्यंत येतात, असा आक्षेप घेता येईल आणि तो खराही आहे. पण निवडायला तिथे काहीतरी असतं. मुलाखतीतून निवडू म्हटलं तरी हाताला फारसं लागत नाही. तेव्हा फरक माणसात नसून तो कुणाशी बोलतोय आणि ते आणखी कोण ऐकतंय यात आहे.

कोण ऐकतंय याचा धडा 2009 साली मेलबर्नला सगळ्या ड्रायव्हरांना मिळाला. फॉर्म्युला वनच्या ऑस्ट्रेलियन ग्रां प्रीत सेफ्टी कार रस्त्यावर असताना, म्हणजे एकमेकांना मागे टाकायला बंदी असताना, टोयोटाचा यार्नो ट्रुली घसरून बाहेर गेला, लुईस हॅमिल्टन त्याच्या पुढे गेला आणि मग मॅक्लारेन संघाच्या सांगण्यावरून त्यानं ट्रुलीला पुन्हा पुढे जाऊ दिलं. स्टुअर्डांसमोर, म्हणजे शर्यतीच्या पंचांसमोर, मात्र असं काही सांगितलं गेलंच नव्हतं अशी बाजू मांडली गेली. ट्रुलीला दंड झाला आणि हॅमिल्टन तिसरा ठरला. पण शर्यत संपल्या संपल्या हॅमिल्टननं पत्रकारांना साधेपणानं खरं काय ते सांगून टाकलं होतं. काही दिवसांनी मलेशियात प्रकरण पुन्हा उघडलं. रेडिओचं ध्वनिमुद्रण आणि ती मुलाखत समोर ठेवली गेली, हॅमिल्टनचा निकाल रद्द झाला, ट्रुलीला तिसरा क्रमांक परत मिळाला आणि मॅक्लारेनच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याची नोकरी गेली. खोटं उघडं पडलं ते चांगलंच झालं. पण गाडीतून उतरल्यावर सहज बोललेलं वाक्य पुरावा म्हणून वापरलं जातं हे त्या दिवसापासून प्रत्येक संघाला कळलं. तेव्हापासून शर्यतीनंतरची मुलाखत दिसायला गप्पांसारखी असली तरी व्यवहारात ती साक्ष आहे. टक्कर झाली असेल तर चौकशी बाकी असते, बॅटरीतून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती घेतली का याची तपासणी बाकी असते. हैदराबादेत सेबास्टियन ब्युएमीनं तिसऱ्या क्रमांकानं रेघ ओलांडली होती. नेमक्या याच कारणावरून त्याला दंड झाला आणि तिसरी जागा अँतोनियो फेलिक्स दा कोश्ताला मिळाली. निकाल असा हलता असताना कुठला शहाणा माणूस मोकळेपणानं बोलेल? साक्षीदार जपून बोलतो आणि जपून बोललेलं नीरस असतंच. त्याला दोष देता येत नाही.

पंचांच्या पलीकडे मालक असतात. हैदराबादच्या त्या शर्यतीत जॅग्वारच्या मिच इव्हान्सनं पहिल्या जागेवरून सुरुवात केली होती. जॅग्वार 2008 साली टाटा मोटर्सनं घेतली आणि संघाच्या नावातच टीसीएस आहे. म्हणजे इंग्लंडचा वाटणारा हा संघ हैदराबादेत खरं तर मालकाच्या अंगणात धावत होता. तिथेच सॅम बर्डची गाडी आपल्याच संघातल्या इव्हान्सच्या गाडीवर आदळली आणि दोघांचीही शर्यत आटोपली. बर्डनं चूक कबूल केली, माफी मागितली. ती मनापासून होती याबद्दल मला शंका नाही. पण समजा त्याला आणखी काही सांगायचं असतं; त्या अरुंद वळणात आत शिरायची संधी त्याला कशी दिसली, ब्रेक लावल्यावर कुठल्या क्षणी ती चुकल्याचं कळलं; तरी अंगावर मालकाचं नाव असलेला सूट घालून, मालकाच्या देशात, दोन गाड्या मोडल्यावर पाच मिनिटांनी तो ते सांगू शकला नसता. अशा वेळी माफी हे एकच वाक्य सुरक्षित असतं. 2013 च्या मलेशियातल्या फॉर्म्युला वन शर्यतीत सेबास्टियन फेटेलनं संघाची आज्ञा मोडून सहकारी मार्क वेबरला मागे टाकलं, त्या दिवशी तोही माफीच मागत होता. तीन आठवड्यांनी चीनमध्ये त्यानं सांगितलं की पुन्हा तशी वेळ आली तर मी कदाचित तेच करीन. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची आहेत. पहिलं नोकरानं दिलेलं, दुसरं ड्रायव्हरनं. मधले तीन आठवडे गेले नसते तर दुसरं आपल्याला ऐकायलाच मिळालं नसतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग बंधनं काढा, ड्रायव्हरला मनातलं बोलू द्या, मुलाखती आपोआप रंगतील. मलाही हे बरीच वर्षं सरळ वाटत होतं. पण पुरावा तसं सांगत नाही. आपल्या नारायण कार्तिकेयनच्या वाट्याला आलेला प्रसंग घ्या. 2012 च्या मलेशियन ग्रां प्रीत त्याला मागे टाकताना फेटेलचा टायर त्याच्या गाडीला लागून फाटला. चिडलेल्या फेटेलनं टीव्हीसमोर त्याची तुलना रस्त्यावर मध्येच येणाऱ्या काकडीशी केली. कार्तिकेयननंही नंतर त्याला रडका म्हणून परतफेड केली. दोघंही अगदी मनातलं बोलले, कुणीही लिहून दिलेलं वाचलं नाही, आणि आठवडाभर बातम्यांत काकडीच राहिली. त्याच शर्यतीच्या सुरुवातीला भर पावसाचे टायर लावून उतरलेल्या कार्तिकेयननं ग्रिडवरच्या सर्वांत कमकुवत गाड्यांपैकी एक दहाव्या क्रमांकापर्यंत नेली होती, हे मात्र किती जणांना आठवतं? बाकीचे बहुतेक हलक्या पावसाच्या मधल्या टायरवर असताना आकाश पाहून घेतलेला तो निर्णय आणि पाण्यात चालवण्याचं ते कसब हीच त्या दिवशीची सांगण्यासारखी गोष्ट होती. म्हणून मला असं वाटू लागलं आहे की पाठ केलेलं उत्तर आणि रागाचा भडका ही एकाच दुखण्याची दोन रूपं आहेत. दोन्हींत गाडी चालवण्याबद्दल काहीच नसतं. एकात प्रायोजक असतो, दुसऱ्यात भांडण असतं, आणि ज्या कामासाठी हा माणूस तिथे आला ते काम दोन्हींतून गायब असतं. भांडणाला आपण मुलाखत रंगली असं म्हणतो कारण भूक लागलेल्याला तिखटही चालतं.

खेळाच्या नियामकांनी मात्र दुखणं वेगळंच ओळखलं आणि औषधही तसंच दिलं. 2024 च्या सप्टेंबरात सिंगापूरला पत्रकार परिषदेत फॉर्म्युला वनच्या मॅक्स व्हर्स्टापेनच्या तोंडून एक शिवी गेली म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघानं त्याला समाजसेवेची शिक्षा दिली. त्यानं नंतरच्या अधिकृत परिषदेत मोजून दोनचार शब्दांची उत्तरं दिली. 2025 च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या रॅलीत आद्रियाँ फूर्मोला टीव्हीवरच्या अशाच शब्दासाठी 10,000 युरोंचा दंड झाला आणि आणखी 20,000 टांगणीला राहिले. त्यावर जागतिक रॅलीतल्या ड्रायव्हरांनी संघटना केली आणि मार्चमधल्या केनियाच्या सफारी रॅलीत ठरवून टाकलं की टप्प्याच्या शेवटी एकतर बोलायचं नाही, नाहीतर आपापल्या मातृभाषेत बोलायचं. महासंघानं मे महिन्यात नियम सैल केले. पत्रकार परिषदेसारखी नियंत्रित जागा आणि शर्यतीच्या ओघातली अनियंत्रित जागा असा फरक मान्य केला, मूळ दंडही निम्मा केला. हा फरक मला फार योग्य वाटतो. ज्याच्या हृदयाचे ठोके अजून खाली आलेले नाहीत त्याच्यासमोर माइक धरायचा आणि सभागृहातली भाषा मागायची हे अन्यायाचं आहे. मातृभाषेचा निर्णय त्यांनी निषेध म्हणून घेतला, पण त्यातून एक साधी गोष्ट समोर आली. फिनलंडचा, बेल्जियमचा, फ्रान्सचा माणूस आयुष्यभर परक्या भाषेत उत्तरं देत असतो. परकी भाषा कामापुरती आलेली असली की माणूस तयार वाक्यांचा आधार घेतो, कारण त्यांत चूक होत नाही. भारतीय प्रेक्षकाला हे समजावून सांगायला नको. शब्दांवर सोडा, आनंदावरही या खेळात दंड बसतो. 27 ऑक्टोबर 2013 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर चौथं जगज्जेतेपद मिळाल्यावर फेटेलनं मुख्य प्रेक्षागृहासमोर गाडी गरागरा फिरवली, खाली उतरून गाडीला वाकून नमस्कार केला. नियमाप्रमाणे त्यानं सरळ ठरलेल्या जागी जायला हवं होतं, म्हणून त्याला समज आणि संघाला 25,000 युरोंचा दंड. भारतात झालेल्या तीन फॉर्म्युला वन शर्यतींतलं लोकांच्या मनात राहिलेलं दृश्य हेच आहे. त्यानं ते नियम मोडून केलं, आणि त्यात गाडीबद्दल काहीतरी होतं.

पण सगळं ओझं महासंघावर, मालकांवर टाकून भागणार नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनी आणि आपण पाहणाऱ्यांनीही ही मुलाखत पोकळ केली आहे. जिंकलेल्याला विचारतात, कसं वाटतंय? हरलेल्याला विचारतात, किती निराशा झाली? हे म्हणजे बोहल्यावरच्या नवरदेवाला माइक देऊन आनंद झाला का असं विचारणं आहे. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, कारण दुसरं उत्तर देण्याची सोयच नाही. भावना हा ड्रायव्हरचा प्रांत नाही. त्या सगळ्यांना सारख्याच असतात. त्याच्या एकट्याकडे काय आहे? त्या वळणाला त्या वेगानं गेल्याचा अनुभव. त्याबद्दल विचारलं की हीच माणसं बदलतात. 1990 साली ॲडलेडला तीन वेळचा जगज्जेता जॅकी स्टुअर्ट आयर्टन सेनाची मुलाखत घ्यायला बसला आणि त्यानं थेट विचारलं की तुझ्या इतक्या टकरा का होतात. सेना दुखावला, चिडला, पण मोकळ्या जागेत शिरणं हा ड्रायव्हरचा धर्म कसा आहे ते त्यानं इतक्या पोटतिडकीनं मांडलं की ते उत्तर आजही अभ्यासलं जातं. स्टुअर्टनं भावना विचारली नव्हती, कारण विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला स्टिअरिंगचा अनुभव होता. आपल्याकडचं उदाहरण चेन्नईच्या करुण चंढोकचं. 2010 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये धावला. ड्रायव्हर म्हणून ती कारकीर्द मोठी झाली नाही, पण ब्रिटिश टीव्हीवर मोठ्या पडद्यासमोर उभं राहून तो दोन ड्रायव्हरांच्या फेऱ्या शेजारी शेजारी लावतो, कोण कुठे ब्रेक सोडतो, कुणाचे हात स्थिर आहेत ते दाखवतो. पडद्यासमोर खुद्द त्या फेरीचा ड्रायव्हर असला तर तो आपोआप बोलू लागतो, बोटानं जागा दाखवतो, इथे मी चुकलो म्हणतो. त्याला कुणी धीट हो म्हणून सांगितलेलं नसतं. समोर त्याचं काम ठेवलेलं असतं, एवढंच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, कामाबद्दल बोललं तर गुपितं फुटतील. गाडीची जुळवणी, सॉफ्टवेअर, विजेचे आकडे ही गुपितं आहेत आणि ती राखण्याचा संघांना हक्क आहे. पण रस्ता गुपित नाही. भिंतीची सावली, डांबराचा सांधा, वाऱ्याची दिशा, मागून येणाऱ्याच्या चाकांचा आरशातला कोन यांत कुणाचं पेटंट नाही, आणि ऐकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सामान्य प्रेक्षकाला एवढं तपशीलवार ऐकायचंच नसतं. हे मी मुळीच मान्य करत नाही, आणि त्यासाठी युरोपात जायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये वाट मोकळी केल्यापासून महाराष्ट्रात बैलगाडा शर्यती पुन्हा जोरात सुरू झाल्या आहेत. सातारा-सांगलीच्या मैदानांवर फायनल झाली की गाडामालकाभोवती मोबाइल घेऊन मुलं गोळा होतात. ती मालकाला काय विचारतात? कडेला कोण पळाला, आतून कोण होता, गाडी सुटताना मागे का राहिली, जोडी कुणी जमवली, खुराक काय. मालक दहादहा मिनिटं न थांबता सांगतो, छकडीवर बसलेल्या ड्रायव्हरला बोलावून घेतो, तोही बोलतो. बक्षिसाला ट्रॅक्टर, बुलेट, थार लागलेली असते, लाखोंचे व्यवहार असतात, म्हणजे पैसा तिथेही आहे. ऐकणारी माणसं शेतकरी आहेत, विद्यार्थी आहेत, काही पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, आणि ती हे सगळं शेवटपर्यंत ऐकतात. तपशिलाचा कंटाळा लोकांना येतो हा समज लोकांबद्दलच्या अनादरातून आला आहे. त्या मालकाला करार नाही, पंचांची चौकशी नाही, परकी भाषा नाही, हे खरं. पण त्याला प्रश्नही बरोबर विचारले जातात, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक तोच आहे.

हैदराबादसाठी ही तक्रार नुसती आवडीनिवडीची नाही. शर्यतीसाठी शहराचा मधला भाग दिवसचे दिवस अडवला गेला, खैरताबाद ते टँक बंड रहदारी तुंबली, सरकारी पैसा खर्च झाला. 2024 च्या फेब्रुवारीतली दुसरी शर्यत सरकार बदलल्यावर जानेवारीतच रद्द झाली आणि त्या पैशांचा वाद पुढे चौकशीपर्यंत गेला. तो निवाडा ज्यांचा त्यांनी करावा. पण शहरानं एवढं मोल देऊन बोलावलेल्या बावीस माणसांकडे असं काहीतरी होतं जे शहरात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. एनटीआर मार्गाचा रस्ता इथल्या रिक्षावाल्याला, सिटी बसच्या चालकाला, रोज स्कूटरवरून सचिवालयात जाणाऱ्या कारकुनाला खड्ड्यांसकट पाठ आहे. तोच रस्ता ताशी दोनशेच्या आसपास कसा लागतो, रस्त्यालगतच्या तळ्याकडून येणारा वारा गाडीला कुठे ढकलतो, नव्या डांबरावर पकड कुठे मिळते आणि कुठे दगा देते, हे त्या बावीस जणांनाच माहीत होतं. मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेकच नसलेली ती गाडी विजेच्या मोटरच्या ओढीनं वीज परत गोळा करत थांबते. मग त्या तीव्र वळणाआधी ड्रायव्हर पायानं काय करतो? असा प्रश्न विचारला तर लुंबिनी पार्कजवळ राहणारा दहावीचा मुलगा कान देऊन ऐकेल, आणि ऐकून भौतिकशास्त्राचं पुस्तक वेगळ्या नजरेनं उघडेल. कसं वाटतंय या प्रश्नानं त्याला काय मिळालं?

आता आपल्या भाषेतही विचारायला माणसं आहेत. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून पुढे फॉर्म्युला ईपर्यंत गेला. 2024 मध्ये पुण्याच्या डायना पुंडोळे मोटार शर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, तेही पुरुषांबरोबर धावून. त्यांच्याबद्दल लिहिताना संसार, मुलं, शिक्षिकेची नोकरी यांनीच सुरुवात होते आणि बरेचदा तिथेच शेवट होतो. त्या कौतुकात वाईट काही नाही, पण दोन मुलांच्या आई असंख्य आहेत आणि ते अजिंक्यपद एकीचंच आहे. पावसाची चिन्हं असताना टायर कुठले निवडले, पहिल्या वळणात पंधरावीस गाड्या एकदम शिरतात तेव्हा नजर कुठे ठेवायची, मागचा सतत डिवचत असेल तर त्याला चुकायला कसं भाग पाडायचं, हे त्यांना विचारायला पत्रकारानं आधी एक फेरी तरी नीट पाहिलेली असली पाहिजे. मराठी वाहिन्यांना याला खर्च नाही. तासभर जुनं चित्रण पाहायचं, मुलाखत शर्यतीच्या धामधुमीत न घेता दोन दिवसांनी घ्यायची, आणि ड्रायव्हरसमोर त्याच्या स्वतःच्या फेरीचं चित्रण लावून म्हणायचं, इथून पुढे तुम्ही सांगा.